एक फड पडीक

आमच्या कॉलनीचा ओपन स्पेस धुळ्यातल्या कुठल्याही कॉलनीत असतो तसाच. मधोमध महादेवाचं छोटं मंदिर, भोवती फरशी, एका बाजूला लॉन, कंपाउंडच्या कडेनं कडुलिंब, करंज, बदाम आणि मंदिरापाशी फुलझाडांचे वाफे. या वाफ्यांतली फुलं उजाडायच्या आत कोण तोडून नेतं हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणीच बोलत नाही. देखभालीला घरटी वर्गणी, एक माळीदादा आणि एक बोअर. २०२३ च्या दसऱ्यानंतर ही बाग माझ्या गळ्यात पडली. झाडांची हौस म्हणून पडली असं मी घरी सांगते. खरं कारण, त्या मीटिंगला मी उशिरा पोचले आणि तोवर नावं ठरून गेली होती.

त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यांत कोरडा ऑगस्ट ठरला. सप्टेंबरात थोडं भरून निघालं, पण थोडंच. ऑक्टोबरच्या शेवटी सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आमच्या जिल्ह्यातला शिंदखेडा त्यात होता, शेजारचं नंदुरबार होतं, चाळीसगाव होतं. धुळे तालुका नव्हता, पण बोअरला यादी कुठे वाचता येते? मोटार पाऊण तास चालली की पाण्याबरोबर हवा फेकायला लागायची. मग बंद करायची, तासाभरानं परत चालू. नळाचं पाणी घरच्यांनाच पुरवून पुरवून वापरायचं, ते झाडांना घालायचा प्रश्नच नव्हता.

मीटिंगचा सूर सरळ होता. टँकर मागवू, वर्गणी वाढवू. मी म्हटलं, टँकर कधीही येईल, आधी आहे ते पाणी जातं कुठे ते तर बघू द्या.

बघायला फार काही लागलं नाही. पंधरा लिटरची बादली घेतली आणि नळीखाली धरली. चाळीस सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला साडेबावीस लिटर. माळीदादा मोटार बंद-चालू करत सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास नळी धरायचे. गुणाकार केला तर दिवसाला २,७०० लिटर, आठवड्याला एकोणीस हजारांच्या आसपास. मोठ्या टँकरमध्ये पाच हजार मावतात. म्हणजे आठवड्याला जवळजवळ चार टँकर आम्ही आधीच ओतत होतो आणि पाचव्यासाठी वर्गणी मागत होतो.

त्यातलं निम्मं लॉनवर जायचं. उरलेलं झाडांच्या बुंध्यांशी, आणि त्यातलं बरंच फरशीवरून वाहत रस्त्यावर. मी माळीदादांना विचारलं, इतकं कशाला? ते म्हणाले, "लोके देखतस ना ताई. बाग वली दिसाले जोयजे." त्यांचं चुकलेलं नव्हतं. आजवर त्यांना कोणी झाड सुकलं म्हणून बोललं नव्हतं. माती कोरडी दिसते म्हणून मात्र तीन घरं येता-जाता बोलायची. कॉलनी पैसे ओल्या मातीचे देत होती.

मग सब्बल आणि खुरपं घेऊन खड्डा केला. कॉलनी होण्याआधी इथे शेतच होतं, जमीन काळी आहे. करंजाच्या फांद्या संपतात तिथे वरची चार बोटं माती अगदी फुफाटा, भेगा अशा की हात मनगटापर्यंत आत जाईल. वीतभर खाली गेल्यावर माती गडद झाली. हातभर खाली मुठीत दाबली तर गोळा झाला, अंगठ्यानं पुढे सरकवली तर पट्टी निघाली, तुटली नाही. तळव्याला गारवा लागला. पावसाळा संपून महिना उलटून गेला होता, पाऊसही कमीच झालेला, आणि खाली ओल तशीच होती. चांगल्या काळ्या जमिनीत एक मीटर खोलीपर्यंत झाडाला घेता येईल असं साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी मावतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, हा हिशेब एकदा डोक्यात बसला की जमीन वेगळीच दिसते. दर चौरस मीटरखाली शे-दीडशे लिटर साठा, आणि आम्ही वरची चार बोटं रोज भिजवत होतो, जी दुपारपर्यंत परत कोरडी.

माझी आजी तापीकाठची. तिच्याकडे दादर व्हायची. रब्बीतली ही ज्वारी काळ्या जमिनीच्या ओलीवर येते, तिला पाणी भरत नाहीत. पेरणी झाली की शेतकऱ्याचं सगळं लक्ष एका गोष्टीवर असतं: ओल उडू द्यायची नाही. कोळपं, म्हणजे वरची माती उकरायचं अवजार, फिरवत राहायचं, ती माती भुसभुशीत ठेवायची, भेगा बुजवायच्या. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ हे आमच्याकडे शेतकऱ्याच्या तोंडी नेहमीचं. जमीन घट्ट राहिली की खालचं पाणी वर चढत येतं आणि उडून जातं. भेग पडली की तिच्या दोन्ही भिंती वाऱ्याला उघड्या पडतात, आणि हिवाळ्यात आमच्याकडचं वारं इतकं कोरडं असतं की ओठ फुटतात, तिथे भेगेचं काय. शिवाय भेग रुंदावताना बारीक मुळ्या तुटतात. तुम्ही नळीनं पाणी सोडलंत तर ते भेगेतून सरळ खाली निघून जातं, मुळीला भेटतच नाही. हे मी करून पाहिलं. रस्त्याकडच्या एका भेगेत बादलीभर पाणी ओतलं. ते गेलं. कुठे गेलं ते भेगेलाच माहीत, शेजारची माती जेमतेम ओलावली.

दादर ओलीवर येते, मग पंधरा वर्षांचा कडुलिंब का येणार नाही? हा प्रश्न मी कमिटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. दोन अंगठे आले आणि एक गुड मॉर्निंग.

पाणी वाटायचं कसं हा दुसरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला माहेराहून आलं. माझं माहेर साक्री तालुक्यातलं, पांझरा नदीच्या अंगाचं. त्या खोऱ्यात जुनी फड पद्धत आहे, काही शतकांपासूनची. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालची सगळ्यांची जमीन तीन-चार फडांत, म्हणजे मोठ्या भागांत, वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. म्हणजे त्या फडाची पाण्याची गरज एकसारखी, पाळी एकदम. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं; ज्याच्या मनात आलं त्यानं स्वतः चारी फोडायची नाही. आणि पाणी कमी असेल त्या साली सगळे बसून ठरवायचे की अमुक फड यंदा पडीक. पडीक फडात ज्याची जमीन असेल त्याचं नुकसान होऊ नये म्हणून प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात असतो. वडील पाण्यावरून भांडायचे, पण ठरलं की ठरलं.

आमच्या बागेत सगळं एकात एक होतं. जास्वंदीच्या शेजारी कोरफड, कोरफडीशेजारी शेवंती, मध्येच पावसाळ्यात लावलेलं रोप. नळी एकच, सगळ्यांना सारखी. मी कागदावर बागेचे चार फड पाडले. मोठी झाडं हा पहिला: कडुलिंब, करंज, बदाम, आवळा. त्यांना हिवाळाभर पाणी नाही, फक्त कोळपणी आणि आच्छादन. दुसरा फड त्या पावसाळ्यात लावलेल्या तीसेक रोपांचा. यांच्या मुळ्या अजून वरच्या वीतभर मातीतच, खालचा साठा यांच्या हाती लागत नाही. पाण्यावर खरा हक्क यांचा, आणि आजवर सगळ्यांत कमी पाणी यांनाच मिळत होतं, कारण ती कोपऱ्यात होती आणि नळी तिथवर पुरायची नाही. तिसरा फड देवाच्या फुलांचा: जास्वंद, तगर, शेवंती, झेंडू. चौथी लॉन.

लॉन पडीक.

हे वाक्य मी मीटिंगमध्ये जितक्या सहज म्हटलं तितक्या सहज ते घेतलं गेलं नाही. सकाळी लॉनवर योगा करणारा ग्रुप आहे, संध्याकाळी पोरांचं क्रिकेट आहे, आणि लॉन लावली तेव्हा ज्यांनी पुढाकार घेतला ते आप्पा अजून कमिटीत आहेत. मी हिशेब मांडला. दोनशे चौरस मीटर लॉन, दिवसाला तीन मिलिमीटर दिलं तरी ६०० लिटर. आणि आपली लॉन म्हणजे साधी हरळीच; शेतात शेतकरी जिला खणून खणून थकतो आणि तरी जी मरत नाही ती. कडाक्याच्या थंडीत ती पिवळी पडते ती पाण्यावाचून नाही, थंडीनं. तिची वाढच थांबलेली असते. तेव्हा कितीही पाणी द्या, हिरवी होत नाही. दोन-तीन आठवड्यांनी एक भरपूर पाळी देऊ, मूळ जिवंत राहील, फेब्रुवारीत ऊन तापलं की परत फुटेल. आप्पा म्हणाले, "आणि नाही फुटली तर?" मी म्हटलं, तर शेतकरी आपल्याला विचारायला येतील, हरळी मारली कशी. हसले सगळे. आप्पा नाही हसले.

दिवाळी आटोपल्यावर भावानं गावाहून सायकल कोळपं पाठवलं. एका चाकाचं, पुढे ढकलत चालवायचं, मागे छोटी पास, म्हणजे माती कापणारं आडवं पातं. कॉलनीच्या पोरांना ते इतकं आवडलं की पहिल्या दिवशी माझ्या हाती येईना. वरची दोन-तीन बोटं माती सुटी झाली, भेगा बुजल्या. मोठ्या भेगा आधी सुक्या मातीनं भरून घेतल्या. बघायला बाग एकदम कोरडी दिसू लागली. ग्रुपवर फोटो पडले, खाली प्रश्नचिन्हं. मी दर वेळी एकच उत्तर द्यायचे: खुरपं घेऊन या आणि वीतभर खणून बघा. एक जिभाऊ खरंच आले, निवृत्त माणूस, मूळचे शेतकरी. खणलं, माती चोळली, वास घेतला आणि काही न बोलता घरी गेले. त्यानंतर ग्रुपवर माझ्या बाजूनं भांडायचं काम त्यांनी घेतलं.

आच्छादनाला मात्र खरा विरोध झाला, आणि तो अगदी वेगळ्या कारणानं. झाडांखालचा पालापाचोळा हिवाळ्यात आमच्याकडे शेकोटीला जातो. संध्याकाळी मंदिरामागे शेकोटी पेटते, कॉलनीतली वडीलधारी मंडळी तिथे बसतात, आणि कॉलनीचं खरं राजकारण तिथेच होतं. माळीदादा पानं झाडून तिथे नेऊन टाकायचे. ती पानं मी वाफ्यांत आणि रोपांभोवती पसरायला सांगितली तेव्हा शेकोटीवर माझ्याविषयी काय बोललं गेलं ते मला नवऱ्याकडून कळलं, कारण तोही तिथे बसतो. तोडगा त्यानंच काढला. कपाशीच्या काड्या. वेचणी संपली की बांधाबांधाला ढीग लागतात, ओळखीतल्या एका शेतकऱ्यानं ट्रॉलीभर आणून टाकल्या. काड्यांचा जाळ पानांपेक्षा चांगला होतो, धूर कमी, आणि भरताचं वांगंही भाजता येतं. त्या हिवाळ्यात मंदिरामागे भरताची वांगी किती भाजली गेली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पानं माझी झाली.

पानं कमी पडली तिथे सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, आणून टाकलं. चार बोटं जाडीचा थर, पण खोडाला चिकटवायचा नाही, वीतभर जागा मोकळी. आमच्याकडे उधळीचा, म्हणजे वाळवीचा, त्रास आहे. कोरड्या पानांचा ढीग खोडाला लागला की ती तिथूनच चढते. तरी दोन रोपं उधळीनं खाल्लीच.

रोपांसाठी मला घागरी हव्या होत्या. मातीची कच्ची, न रंगवलेली घागर रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायची आणि भरून ठेवायची. पाणी तिच्या अंगातून पाझरतं, आणि आजूबाजूची माती जितकी कोरडी तितकं जास्त पाझरतं. माती ओली असली की आपोआप मंदावतं. हे फार जुनं तंत्र आहे, चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या लिखाणात सापडतं. नव्या घागरी घ्यायच्या तर तीस घागरींचे पैसे कमिटीनं दिले नसते. पण खानदेशात घराघरांत जुन्या घागरी असतात, आखाजीच्या. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं घागर भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, मग उन्हाळाभर त्यातलं पाणी प्यायचं. पुढच्या आखाजीला नवी येते, जुनी माळ्यावर किंवा जिन्याखाली. मी घरोघरी मागत फिरले. पितरांची घागर जमिनीत पुरायची की नाही यावर काही बायकांचं मन होईना. तेव्हा समोरच्या घरातल्या म्हातारीनं निकाल दिला, "पितरसनंच पानी शे ते. झाडले गयं ते वाया थोडंच जाई?" संध्याकाळपर्यंत माझ्या ओट्यावर घागरींची रांग लागली.

सगळ्या कामाच्या नव्हत्या. आमचं बोअरचं पाणी जड, क्षाराचं. बादलीच्या काठावर पांढरी रेघ बसते तीच घागरीच्या अंगात बसते आणि तिची छिद्रं बुजतात. उन्हाळाअखेर जुन्या घागरीतलं पाणी गार होत नाही ते याच कारणानं. त्यामुळे प्रत्येक घागर भरून रात्रभर फरशीवर ठेवली. सकाळी जिचं अंग दमट आणि खाली ओलं वर्तुळ, ती पास. जी कोरडी, ती चिंचेच्या कोळानं आणि काथ्यानं आतून-बाहेरून घासली, पुन्हा रात्रभर ठेवली. बऱ्याच परत पाझरू लागल्या. ज्या नाहीच पाझरल्या त्यांचे तुकडे करून कुंड्यांच्या तळाशी घातले. रंगवलेल्या घागरींना काही इलाज नाही, त्या परत दिल्या.

पुरताना तोंड जमिनीच्या दोन बोटं वर ठेवलं, म्हणजे माती आत जात नाही. झाकण म्हणून करवंटी किंवा फुटक्या कौलाचा तुकडा, आणि झाकणाबाबत मी कडक होते. उघडं पाणी म्हणजे डास, आणि डेंगीचा ताप कॉलनीनं पाहिलेला आहे. आठ-दहा लिटरची घागर थंडीत आठवड्यातून एकदा-दोनदा भरली की पुरायची. कोपऱ्यात नळी पुरत नव्हती तर तिथल्या घागरी पोरांनी बादलीनं भरल्या. जानेवारीत फुटलेली एक घागर काढली तर रोपाच्या पांढऱ्या मुळ्यांची जाळी तिच्या अंगाला एका बाजूनं बिलगलेली होती, बाकीच्या तिन्ही बाजू मोकळ्या.

मोठ्या झाडांना एखादी पाळी द्यायची वेळ आलीच तर ती कुठे द्यायची, यावरूनही वाद होता. बुंध्याशी आळं करून पाणी घालायची सवय सगळ्यांची. जिभाऊ म्हणायचे, "खोडले पानी दीसन काय व्हई? मुळी तठे शे का?" पाणी पिणाऱ्या बारीक मुळ्या फांद्यांच्या टोकांखाली असतात, तिथे चर काढायचा. हे ओळखायला आपल्याकडे सांगतात की दुपारी बाराची सावली जिथे पडते तिथे आळं करा. उन्हाळ्यात हे बरोबर आहे, तेव्हा सूर्य डोक्यावर असतो. डिसेंबरात नाही. तेव्हा धुळ्यात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला, जेमतेम ४५-४६ अंशांवर. वीस फुटांच्या झाडाची सावली उत्तरेला वीस फूट लांब पडते. सावलीप्रमाणे आळं केलं असतं तर आमच्या करंजाचं पाणी कंपाउंडबाहेरच्या गटारीला मिळालं असतं. हिवाळ्यात सावली सोडा, मान वर करा आणि फांदीचं टोक बघा.

या कललेल्या सूर्यानं आणखी एक गोष्ट दाखवली. मंदिराच्या उत्तरेकडचे वाफे महिना-दीड महिना सावलीतच होते. तिथली माती आठवडाभर ओली राहायची. दक्षिणेकडच्या भिंतीला टेकलेल्या कुंड्या मात्र दुपारी हात लावला तर गरम. एकाच फडातली, एकाच जातीची झाडं, आणि एकीला चौथ्या दिवशी पाणी लागायचं तर दुसरीला दहाव्या. मग कुंड्याच मागे ओढल्या आणि एकमेकींना लावून ठेवल्या. कुंडीला मात्र जमिनीचा हिशेब लागू नाही. तिच्यात साठा नसतोच. तिला बोट खुपसून बघून, थोडं थोडं, तळातून पाणी निघेपर्यंत द्यावं लागतं. नुसतं वरवर दिलं तर बोअरच्या पाण्यातला क्षार वरच साचतो.

नोव्हेंबरच्या शेवटी अवकाळी आला. उत्तर महाराष्ट्रभर आला, गारांसकट, आणि साक्रीकडे भावाचं आणि पुष्कळांचं नुकसान करून गेला. बागेत मात्र पाणी आयतं मिळालं. ग्रुपवर लगेच आलं, आता कोळपं-बिळपं बंद करा, महिन्याची निश्चिंती झाली. उलट तेव्हाच घाई होती. पावसाच्या माराने काळी माती वरून बसते आणि सुकताना तिच्यावर पापडी धरते. ती तशीच राहिली तर आठ दिवसांत भेगा परत उघडतात आणि मिळालेलं सगळं उडतं. चिखलात कोळपं चालत नाही आणि वाळल्यावर उपयोग नाही. मधल्या वाफशावर पकडायचं. माळीदादा सकाळी मातीवर पाय ठेवून बघायचे. ज्या दिवशी माती चपलेला चिकटली नाही त्या दिवशी त्यांनीच फोन केला, "ताई, आज." त्यांना आता नळीपेक्षा कोळपं आवडायला लागलं होतं, आणि लोकांना उत्तरं द्यायला तर फारच.

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा एक अंकी झाला. थंडी पडली की लोकांना झाडं मरताना दिसायला लागतात. कढीपत्ता पिवळा, मोगरा खंगल्यासारखा, चाफ्याला तर एक पान नाही. दया येऊन कोणी ना कोणी तांब्याभर पाणी घालतंच. चाफा हिवाळ्यात पानं टाकून झोपतो, मोगराही सुस्त असतो. त्यांना तेव्हा पाणी म्हणजे मुळी कुजवणं. एका घरच्या कुंडीतला अडेनियम असाच मायेनं गेला, तळाचा कांदा पिलपिला होऊन. मी चाफ्याच्या फांदीला नखानं ओरखडा काढून आतला हिरवा रंग दाखवत फिरायचे. शेवटी पाटीच लावली: ‘झोपलेलं आहे, पाणी घालू नये.’ पाटीची चेष्टा झाली, पण तांबे थांबले.

थंडीत पाणी मुद्दाम दिलं ते एकाच ठिकाणी. मंदिरामागच्या मोरीच्या पाण्यावर केळीची चार खोडं आणि अळू आहे. केळीला दहा-बारा अंशांखाली चालत नाही, रावेर-यावलचे केळीवाले या दिवसांत कसे हवालदिल असतात ते आपण बघतोच. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते आणि रात्री हळूहळू सोडते, कोरडी माती पटकन गार पडते. म्हणून थंडीची लाट येणार असं कळलं की संध्याकाळी केळीच्या आणि लहान रोपांच्या बुडाला हलकं पाणी, पानांवर नाही. करपलेली पानं मी फेब्रुवारीपर्यंत कापू दिली नाहीत. करपलेलं पान खालच्या कोंबाला पांघरूण असतं. दिसायला वाईट दिसतं, हे कबूल.

घरांतल्या पाण्याचंही थोडं जमलं. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी शेजारणी तिसऱ्या फडाला आणून घालू लागल्या. फिल्टरचं वाया जाणारं पाणी दुसरीकडे वळवलं. त्यात आधीच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतो, शेवंतीला ते सोसत नाही, कण्हेरीला सोसतं. ते गेटजवळच्या कण्हेरींना.

संक्रांतीच्या सुमारास बादलीचा हिशेब परत केला. दोन-तीन आठवड्यांनी लॉनला दिलेली पाळी धरूनही आठवड्याचं पाणी तीन-साडेतीन हजारांच्या आत आलं होतं. मोटार एका दिवसाआड अर्धा-पाऊण तास. ती हवा फेकायची थांबली, कारण बोअरला भरायला मध्ये वेळ मिळू लागला. टँकर आला नाही. शेवंती नेहमीपेक्षा बुटकी राहिली, फुलं लहान आली, आणि ती उजाडायच्या आत तोडून नेणाऱ्या बाईंनी याची तक्रार माझ्याकडेच केली.

लॉन फेब्रुवारीच्या उन्हानं फुटली. सगळी नाही, क्रिकेटच्या पिचच्या जागी टक्कल तसंच आहे, तिथे पाण्याचा काही संबंध नाही. पण तेवढं टक्कल पुरलं. वाचलेल्या वर्गणीतून लॉनच्या जागी पेव्हर ब्लॉक बसवावेत, कायमची कटकट जाईल, असा प्रस्ताव आला आणि निम्म्या कॉलनीला तो पटलाही. आप्पा पहिल्यांदाच माझ्या बाजूला आले. धुळ्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. दोनशे चौरस मीटरवर तो लाखाच्या वर लिटर होतो. ब्लॉक बसवले की त्यातलं बरंचसं रस्त्यावर, आणि बोअर तिथून पन्नास पावलांवर. मी म्हटलं, पाणी न देता पडीक ठेवा, पण जमीन उघडी ठेवा. बोअरभोवती शोषखड्डा घ्या, मंदिराच्या गच्चीचा पाइप त्यात सोडा, मग उरलेल्या पैशांत काय करायचं ते बोलू. शेवटी चालायच्या वाटेपुरते ब्लॉक, तेही सांध्यात फट ठेवून, आणि शोषखड्डा मेअखेर, असं लिहून घेतलं. खड्ड्याला दगडी खडी कोण आणणार हे मात्र कोणीच लिहून दिलेलं नाही, आणि इकडे कडुलिंबाची गळती सुरू झालीये, पानं भरायला पोती कमी पडतायत.